चौदावं नाव

या उन्हाळ्यापर्यंत टेंभुर्णीत भागवत सरांना बसलेलं पाहिलं असं सांगणारा माणूस सापडला नसता. चहा ते उभ्याने पितात, पेपर चालता चालता वाचतात आणि जेवायला बसले तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. गावच्या हायस्कुलात ते खेळाचे शिक्षक. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास दिवसातून एकदा येतो. सरांचा सकाळी साडेपाचला सुरू होतो आणि दैवशालाबाईंनी दाराला कडी लावली की संपतो. "सासूबाईंनी ह्यांच्या पायाला भिंगरी बांधूनच माझ्या गळ्यात घातलं," असं दैवशालाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. सामन्यात तर विचारूच नका. खेळाडू रेषेच्या आत पळतात आणि सर रेषेच्या बाहेर, त्यांच्याहून जास्त. एकदा जालन्याच्या पंचाने खेळ थांबवून विचारलं होतं, "सर, तुमच्या पाठीवर नंबर कितीचा?"

हे सगळं गाव हसण्यावारी नेतं. पण यंदाच्या पाडव्यानंतर सरांची जी तगमग झाली, तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पाडव्याला चौदा खेळाडू यायचे होते, तेरा आले. चौदावा आला नाही, आणि तो गोलकीपर होता.

नवजवान फुटबॉल क्लब सरांनी अकरा वर्षांपूर्वी काढला. मुलूख सगळा कबड्डीचा आणि क्रिकेटचा, त्यात हे फुटबॉलचं खूळ. क्लब काढायला एक चेंडू आणि चार खांब लागतात, ते मिळाले. पण पोरं टिकेनात. खेळायला शिकलेला एक जण चाकणच्या कंपनीत जायचा, दुसरा पोलीस भरतीला, तिसऱ्याचं लग्न व्हायचं आणि सासरा म्हणायचा की जावयाने चड्डी घालून गावभर पळू नये. मोठ्या शहरातल्या क्लबांसारखे करार आणि पगार इथे कुठून येणार? सरांकडे द्यायला होती ती सरावानंतरची दोन उकडलेली अंडी, सामन्याला जायचा टेम्पो आणि स्वतःची वणवण. कुणाची परीक्षा सामन्याच्या दिवशी आली की सर कॉलेजात जाऊन हातापाया पडणार. कुणाच्या बापाला सोयाबीन काढायला माणसं कमी पडली की सर आणखी तिघांना घेऊन शेतात हजर. एकाला त्यांनी जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीत चिकटवला, एकाचं मोडलेलं लग्न जुळवून आणलं. एवढं करून दरवर्षी तीन-चार जण जायचेच.

म्हणून सरांनी पाडव्याची रीत पाडली. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. वर्षाचा गडी, वर्षाचं काम, त्यापोटी ज्वारीची पोती आणि नवं धोतर, आणि बोली पाडव्याच्या सकाळी. एकदा शब्द गेला की पुढच्या पाडव्यापर्यंत गडी हलत नाही. कागद नाही, सही नाही. सरांना वाटलं, आपल्याला हेच पाहिजे. तेव्हापासून पाडव्याला घरची गुढी उभी केली की सगळे मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली जमतात. सर एकेकाच्या हातावर लिंबाचा कोवळा पाला आणि गुळाचा खडा ठेवतात, खेळाडू चेंडूवर हात ठेवून "औंदा इथंच" म्हणतो, आणि त्याला पायमोज्यांचा नवा जोड मिळतो. गोलकीपरला त्याखेरीज नवे हातमोजे. "सरांच्या पोरांची सालं ठरली," असं गाव म्हणतं. सरही तसंच म्हणतात. यात कुणाला काही खुपत असेल, हे अकरा वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

यंदा तेरा जणांनी चेंडूवर हात ठेवला. एक पायमोज्यांचा जोड आणि हातमोजे सरांच्या पिशवीत राहिले. प्रेमची वाट बघत सरांनी लिंबाखाली दुपारपर्यंत येरझाऱ्या घातल्या.

प्रेम एकवीस वर्षांचा, भीमनगरात राहणारा. सोळाव्या वर्षी क्लबात आला तो थेट गोलातच उभा राहिला, कारण तिथे दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. बोलायला कमी, हात लांब. चेंडू कुठे येणार हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं. मागच्या दोन वर्षांत क्लब लीगमध्ये टिकला तो त्याच्या जिवावर. पण आता प्रश्न जिंकण्या-हरण्याचा नव्हता. जिल्ह्याच्या लीगचा नियम असा की यादीत चौदा नावं पाहिजेत, त्यात गोलकीपर पाहिजे, सगळे अठराच्या वरचे, आणि पहिल्या सामन्याला चौदाच्या चौदा अंगात जर्सी घालून पंचासमोर उभे राहिले पाहिजेत. उगाच कुणाचं नाव खरडून भागत नाही. यादी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत गेली नाही, तर क्लब बाद. बाद झालेला क्लब परत उठत नाही. केदारखेड्याच्या पोरांनी असाच एक काढला होता. त्यांच्या गोलच्या खांबांवर आता कुणाचा तरी दोडक्याचा वेल आहे.

मंगळवारी पाडवा झाला. बुधवारी सर भीमनगरात गेले. रविवारी चौदा एप्रिल, जयंती. चौकात मंडप चालला होता आणि प्रेम शिडीवर चढून निळ्या पताका बांधत होता.

"प्रेम, अरे काल आला न्हाईस?"

"काम हाय सर. उद्या बोलू." तो शिडीवरून खाली उतरला नाही.

गुरुवारीही "उद्या". पाच वर्षांत या पोराने सरांना उद्यावर टाकलं नव्हतं. माणूस घाबरला की शेंडी तुटो की पारंबी म्हणून काहीही करतो, तसं सरांनी राधेश्यामला धरून आणलं. राधेश्यामचं बसस्टँडसमोर चपलांचं दुकान. उंची सहा फूट, तळहात सुपाएवढे. सरांनी त्याला गोलात उभं केलं आणि एक हलका चेंडू मारला. राधेश्यामने दोन्ही डोळे मिटले आणि खाली बसला. दुसऱ्या चेंडूला तो खांबामागे गेला. तिसऱ्याच्या आधी म्हणाला, "सर, दुकानावर गिऱ्हाईक आलं असंल," आणि गेला तो गेलाच. गावात आणखी कुणी मिळेना. धट्टीकट्टी पोरं पुण्याला, उरलेली अठराच्या आतली, आणि गोलात उभं राहायला तर त्यांचीही तयारी नव्हती. गोल झाला की शिव्या कीपरला पडतात, हे लहान पोरालाही कळतं.

शुक्रवारी सर शाळेच्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. लीगची नोंदणी आता ऑनलाइन असते. मागच्या वर्षीची यादी उघडते, प्रत्येक नावापुढे 'कायम' असा चौकोन असतो. तो टिचकवला की खेळाडूच्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि त्याखाली 'होय', 'नाही' अशी दोन बटणं. खेळाडूने 'होय' दाबलं किंवा तो आकडा सांगितला की त्याची संमती झाली असं धरतात. सरांनी एकेक नाव टिचकवलं. कुणाला फोन करून आकडा विचारला, आणि सात जणांचे आकडे सरांच्याच खिशात वाजले. ही पोरं आली तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल नव्हते, म्हणून सरांनी स्वतःचा नंबर टाकला होता. पुढे पोरांकडे मोबाइल आले, नंबर तेच राहिले.

प्रेमच्या नावापुढे टिचकी मारली, आणि सरांच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सरांनी कुणालाच, अगदी दैवशालाबाईंनाही, सांगितलेली नव्हती. पाडव्याच्या महिनाभर आधी असाच एक ओटीपी आला होता. छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या क्लबाने प्रेमला मागितलं होतं आणि संमतीचा आकडा सरांच्या फोनवर आला होता. सरांनी तो मेसेज वाचला, चारी बाजूला पाहिलं आणि पुसून टाकला. मग त्यांना झोप येईना. आठ दिवसांनी बसस्टँडवर प्रेमचे आजोबा, भिवाबाबा, चहा पिताना दिसले, तेव्हा सर तरातरा गेले आणि म्हणाले, "भिवाबाबा, प्रेमचं औंदाचं साल आपल्याकडंच बरं का! दुसऱ्या कुनाला शब्द देऊ नका." भिवाबाबांनी मान हलवली. सरांचा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे त्यांनी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'प्रेमचं साल ठरलं. भिवाबाबांनी शब्द दिला.' त्याखाली एक्केचाळीस जणांनी अंगठे दिले.

भिवाबाबांकडे जाण्यात सरांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. म्हातारा घरचाच. सरांचे वडील रामकिसन यांच्याकडे त्याने बावीस वर्षं सालाने काढली होती.

तर आता सहा आकडे सरांच्या हातात होते. टाकले की प्रेम वर्षभर कायम. मागची दोन वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि एकदाही बोट अडलं नव्हतं. आजही अडलं नसतं. दोन आकडे टाकून झाले, आणि लाइट गेली.

"कव्हा येईल?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"काय भरवसा, सर. चारपर्यंत येईल."

चारपर्यंत थांबणं सरांच्या कुंडलीत नव्हतं. तेवढ्या वेळात भिवाबाबांना त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण तरी करून देऊ, म्हणून ते निघाले.

भिवाबाबा दारात बाज विणत होते. त्यांच्या पत्नी केशरबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. सरांनी उभ्यानेच घोट घेतला.

"भिवाबाबा, तुम्ही शब्द देल्ता."

"मी?" म्हाताऱ्याने सुंभ ओढला, गाठ मारली. "मी कव्हा शब्द देल्ता? मी मान हालवली, मालक."

"मंग तेच ना!"

"ते तसंच समजायचे तुमचे वडील बी." भिवाबाबांच्या आवाजात राग नव्हता. "माझं पयलं साल माझ्या बापानं ठरवलं. मी चौदा वर्साचा. तुमच्या वट्यावर तुमचे आजोबा अन् माझा बाप बोलून राह्यले, अन् मी खाली बसल्तो. मला कुनी इचारलं न्हाई. पुढं बाप गेला. मंग तुमचे वडील दर पाडव्याला म्हनायचे, 'ठरलं रे भिवा.' मी मान हालवायचो. बावीस साल."

सरांना तो पाडवा आठवत होता. ओट्यावर वडील, पुरणाचा वास, नवं धोतर हातात घेऊन खाली बसलेला भिवा. भिवाची कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. ती काढून त्याला चहा द्यायचं काम लहानग्या भागवतचं, आणि त्याला ते फार आवडायचं. सणाचीच आठवण होती ती. अकरा वर्षांपूर्वी लिंबाखाली रीत पाडताना हीच आठवण त्यांच्या डोळ्यांपुढे होती. वळचणीची कपबशी तेवढी तिच्यातून कधी गळून पडली, ते त्यांना कळलं नव्हतं.

"शेवटच्या पाडव्याला मी आलो न्हाई," भिवाबाबा म्हणाले, "तव्हा वडलांनी तुम्हाला बोलवायला धाडल्तं. चड्डीतले व्हते तुमी. हितंच हुभं राहून 'भिवा, ए भिवा' करून राह्यले. आठवतं का?"

"तुम्ही गावाला गेल्ते."

"कुठलं गाव? कणगीमागं बसल्तो मी."

केशरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मीच सांगितलं गावाला गेले म्हनून. माझ्या तोंडाला कोरड पडल्ती."

"लपले कामून पण?"

"तुमच्याम्होरं आलो असतो तर मान हालली असती," भिवाबाबा म्हणाले. "सवय लय वाईट. परवा बसस्टँडवर बी हाललीच की."

सरांना उभं राहवेना आणि जाववेना. चौदा वर्षांचा भागवत ज्या जागी उभा राहून हाका मारत होता, त्याच जागी बावन्न वर्षांचे भागवत सर उभे होते, आणि आजही ते बोलवायलाच आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. ती लपवायला त्यांनी उगाच घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात खांद्यावर बल्बच्या माळा घेऊन प्रेम आला. सरांना पाहून तो थबकला, माळा खाली ठेवल्या.

"सर, एक इचारू? साइटवर माझ्या नावापुढं नंबर कुनाचा हाय?"

सरांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. फोन खिशात होता, सहा आकड्यांसकट.

"संभाजीनगरवाल्यांनी मला सांगितलं, ओटीपी पाठवला म्हनून. मी म्हनलं, आला न्हाई. मंग ध्यानात आलं." प्रेमचा आवाज चढला नव्हता. "मी जानार नव्हतो, सर. आईशप्पथ. तुमी बोलवून म्हनले असते, प्रेम, असं असं हाय, काय करतो? मी म्हनलो असतो, राह्यतो. पर तुमी आजाला सांगितलं. अन् ग्रुपवर टाकलं, प्रेमचं साल ठरलं. मावशीनं फोन करून इचारलं, किती पोते जवारी ठरली म्हनून. हासून राह्यली व्हती ती. मी न्हाई हासलो."

"अरे, माझ्या मनात तसं..."

"तुमच्या मनात नसंल. मला म्हाईत हाय." प्रेमने माळा उचलल्या. "म्हनूनच तुमच्याशी भांडता बी येईना."

सर घरी आले ते घरात न शिरता अंगणातच फेऱ्या मारायला लागले. दैवशालाबाई ज्वारी निवडत होत्या. तुळशीभोवती सरांचा अकरावा फेरा झाला तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि काय झालं ते विचारून घेतलं. सरांनी सगळं सांगितलं, पुसलेल्या मेसेजसकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मामंजींनी भिवाबाबाला इचारलं न्हाई, तुम्ही प्रेमला इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी धोतर देलं, तुम्ही मोजे देऊन राह्यले. एवढाच काय तो फरक."

"अन् सोमवारी क्लब गेला तर?"

"तर जाईल. पोरगं क्लबाचं हाय का क्लब पोराचा, ते आधी ठरवा."

त्या पुन्हा निवडायला लागल्या. सरांनी आणखी चार फेरे मारले. अकरा वर्षांची धावपळ, टेम्पो, अंडी, परीक्षांच्या तारखा, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि दोडक्याचा वेलही. चार वाजून गेले होते. शाळेत लाइट आली असणार. सहा आकडे टाकले तर कुणाला कळणारही नव्हतं. कागदोपत्री सगळं बरोबरच होतं. फार फार तर प्रेम वर्षभर तोंड फुगवून गोलात उभा राहील. असे विचार सरांच्या मनात आले, एकदा नाही, दहादा. हे लपवण्यात काही हशील नाही.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आत ते कॉम्प्युटरपुढे गेले. सातही जणांच्या नावापुढचा स्वतःचा नंबर काढला आणि ज्याचा त्याचा घातला. मग प्रेमच्या नावापुढे 'कायम' टिचकवलं. या खेपेला खिसा वाजला नाही. पडद्यावर अक्षरं आली: 'खेळाडूच्या उत्तराची प्रतीक्षा.' ग्रुपवरचा जुना मेसेज पुसायला गेले तर तो पुसला जाईना, मुदत टळून गेली होती. मग त्यांनी त्याखाली लिहिलं: 'प्रेमचं काहीही ठरलेलं नाही. मी त्याला विचारलं नव्हतं. चूक माझी आहे.' याला कुणी अंगठा दिला नाही.

त्यानंतरचे दोन दिवस सरांनी कसे काढले ते त्यांच्या चपलांना विचारा. दर दहा मिनिटांनी फोन बघायचा, नेट चालू आहे ना पाहायचं, पुन्हा खिशात. रविवारी जयंतीची मिरवणूक निघाली तेव्हा ते बसस्टँडपाशी उभे होते. प्रेम पांढरा शर्ट घालून पुढे नाचत होता. इतका मोकळा सरांनी त्याला मैदानातही पाहिला नव्हता. त्याची नजर सरांवर पडली, त्याने मान खाली घातली नाही, हसलाही नाही. पुढे गेला. सरांनी आयोजकांच्या टेबलावरून सरबताचा ग्लास घेतला आणि तोही उभ्यानेच संपवला.

सोमवारी दुपारी पावणेबाराला पडद्यावरची अक्षरं बदलली. 'नाकारले.'

खरं सांगायचं तर त्यांना आशा होती. माणूस चूक कबूल करतो तेव्हा मनातल्या मनात बक्षीस मोजत असतो, तसंच त्यांचं झालं होतं. बाहेर आले तर शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल लावून प्रेम उभा.

"बटन दाबून गप बसावं असं वाटलं न्हाई, म्हनून आलो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मी परवा म्हनलो, इचारलं असतं तर राह्यलो असतो. खरंच राह्यलो असतो, सर. पर फोनवर दोन बटनं आली, होय अन् न्हाई. दोन दिवस बघत बसलो. तव्हा कळलं, मला जायचंय. ते कॉलेजात ॲडमिशन देतात, होस्टेल देतात. आजवर मला कुनी इचारलंच नव्हतं, तर मला बी ठावं नव्हतं."

सरांनी पिशवीतून नवे हातमोजे काढले.

"हे घे."

प्रेमने हात पुढे केला नाही. "हे सालाचे तर न्हाईत ना?"

"न्हाई रे बाबा. नुसते हातमोजे हायेत. तुझ्या मापाचे आणलेत, दुसऱ्याला बसायचे न्हाईत."

मग त्याने घेतले. सॅकमधून जुने, बोटांना चिकटपट्टी लावलेले काढले आणि सरांच्या हातात ठेवले. ते सैल झाले आहेत, कुणालाही बसतील, म्हणाला. गाडीला किक मारली आणि जाता जाता मागे वळला. "सर, जालन्याचा तो पंच तुम्हाला इचारत व्हता ना, पाठीवर नंबर कितीचा म्हनून? अठराच्या वरची अट हाय. खालची हाय. वरची कुठंय?"

गाडी दिसेनाशी झाली तरी सर हातमोजे धरून उभे होते. मग जे पळाले ते थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी वय विचारलं, छातीला नळी लावली आणि "तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी हाय" म्हणून दाखला दिला. चार वाजता सरांनी चौदावं नाव भरलं, भूमिका गोलकीपर. खिसा वाजला. सरांनी न वाचताच 'होय' दाबलं. पाचला दहा कमी असताना यादी गेली, क्लब वाचला. घरी ही बातमी कळल्यावर दैवशालाबाई एवढंच म्हणाल्या, "चड्डीत गावभर पळू नका, तुमच्या सासऱ्याला चालायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी जालन्यात पहिला सामना झाला. पंचाने चौदा जण मोजले. तेराव्यानंतर सरांपाशी येऊन तो जरा थांबला, पाठीमागे जाऊन नंबर पाहिला आणि काही न बोलता पुढे गेला.

टेम्पोतून गावची आठ-दहा माणसं आली होती, त्यांत भिवाबाबा. नातवाचा क्लब आता हा नव्हता, तरी ते आले. गोलच्या मागे, जाळीला लागून, खाली बसले. मध्यंतरापर्यंत सरांनी चार गोल खाल्ले. ज्या माणसाने अकरा वर्षं रेषेबाहेर धावून काढली, त्याला दोन खांबांच्या मध्ये एका जागी उभं राहायचं, ही शिक्षाच होती. चेंडू दूर गेला की पाय आपोआप पुढे निघायचे, आणि चेंडू परत यायचा तेव्हा गोल मोकळा असायचा.

शिट्टी वाजली. सर घामाने निथळत खांबाला टेकले.

"लय अवघड हाय, बाबा," ते जाळीतून म्हणाले. "प्रेमला कसं जमत व्हतं कोन जाणे."

भिवाबाबा तंबाखू मळत होते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली, तळहात झटकले आणि सरांकडे वर पाहिलं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "पुढं हुभं ऱ्हायचं का न्हाई?"

"राहणारच की," असं सर म्हणणार होते. शब्द ओठावर आला आणि तिथेच राहिला. नोकरी वडिलांनी लावून दिली, जमीन वारशाने आली, बायको मामांनी पसंत केली. यादीतलं 'होय' त्यांनी वाचलंसुद्धा नव्हतं. बावन्न वर्षांत, राहायचंय का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते कुणी, तर भिवाबाबांनी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम पुसण्याच्या मिषाने त्यांनी प्रेमचे जुने हातमोजे तोंडावरून फिरवले.

भिवाबाबांना घाई नव्हती. ते उत्तराची वाट बघत राहिले.

सर खांबाला पाठ लावून हळूहळू खाली सरकले आणि गवतावर, जाळीच्या या बाजूला, भिवाबाबांच्या शेजारी बसले.

"थांबा बाबा," ते म्हणाले, "जरा विचार करू द्या."